नेऊन आणणार

बेंदूर होऊन चार दिवस झाले. मातीचे बैल अजून देवघरापुढेच आहेत, उचलायचे राहून गेलेत. आणि मी अजून त्या एका वाक्यापाशीच आहे.

मामा पोळीवर तूप वाढून घेत होते. लडाखमधल्या कांग यात्से शिखराच्या मोहिमेचं माझं नुकतंच सगळं सांगून झालं होतं. त्यांनी नीट ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे नेऊन आणणार म्हण की तुला."

टोमणा नव्हता. मामांना टोमणे मारता येत नाहीत. त्यांना जे समजलं ते त्यांनी सांगितलं आणि पुढची पोळी मागितली. आई हसली, थोरली हसली, मीही हसले. रात्री भांडी घासताना एकदम घशाशी आलं.

आठ महिने झाले. नोव्हेंबरपासून पहाटे पाचला उठून इथं बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या आवारात फेऱ्या. आधी चालणं, मग पळणं. मग सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून चालणं, आधी पाच किलो, आता बारा. दर रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड. गडावर डांबरी रस्ता जातो, पण मी तो सोडून बाजूच्या पायवाटेनं चढते. वर सिद्धेश्वराला हात जोडते, उतरते, परत चढते. मार्चमध्ये वैजनाथच्या डोंगरावर गुडघा दुखावला तेव्हा तीन आठवडे बसून काढले आणि कुणाला कळू दिलं नाही. आणि या सगळ्याला मामांचे दोन शब्द: नेऊन आणणार. सौंदत्तीच्या यल्लम्माला म्हाताऱ्यांना नेतात तसं.

मला लागलं, हे इथे तरी लिहिते. बाकी कुठं बोलणार.

आज आठवीच्या वर्गात व्याकरणातले प्रयोग शिकवत होते. कर्ता कोण, क्रियापद कुणामागे जातं. शिकवता शिकवता मनात माझंच वाक्य तपासायला लागले. मामांना मी काय सांगितलं होतं? की विमानानं लेहला नेतील. तिथं दोन-तीन दिवस नुसतं ठेवतील. मग मारखा खोऱ्यातून हांकर, तिथून निमालिंग. सामान घोड्यांवर जाईल. आचारी बरोबर असेल, गरम जेवण देईल. दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची परवानगी मोहीम नेणारेच काढणार. बेस कॅम्पवर बूट, क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखालचे टोकदार दाते, हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा कमरपट्टा, सगळं चढवून बघतील. मग मध्यरात्री उठवतील. उभ्या बर्फावर दोर आधीच लावलेला असेल, त्यात जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणारी पकड, अडकवून एकेक पाऊल. वाटाडे पुढे-मागे असतील. किती वाजता परत फिरायचं ते तेच सांगतील.

आईला धीर यावा म्हणून मी एवढं तपशिलात सांगितलं होतं. पण एवढ्या वाक्यांत माझ्या वाट्याला एकच आलं, 'एकेक पाऊल', आणि त्याला तर क्रियापदच नव्हतं. बाकी सगळीकडे कर्ता दुसराच कुणीतरी. मामांनी फक्त बेरीज केली.

मग शिखर कुणी चढलं म्हणायचं? कांग यात्सेचं दुसरं टोक, ६२५० मीटर. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर. त्या टोकावर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानानं निम्म्याहून कमी. तो श्वास मीच घेणार, हे खरं. या उंचीला सिलिंडर लावत नाहीत. पण नुसतं दम लागणं म्हणजे चढणं काय? दोर लावायला जो आधी जातो, तोही तोच श्वास घेतो. वर हातात दोराचं भेंडोळं, बर्फात ठोकायच्या मेखा, आणि मागून येणारी आम्ही आठ माणसं डोक्यात. तो चढतो. मी त्याच्या दोराला धरून वर येते.

हे मला आधी दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. मामांनी ते घरच्या भाषेत म्हटलं, म्हणून घरात येऊन बसलं.

फॉर्म तीन दिवस टेबलावर आहे. त्यात एक कलम आहे: मोहिमेतला प्रत्येक निर्णय मार्गदर्शकाचा, तो अंतिम. हवामान, तब्येत, वेळ, काहीही कारण असो, तो फिर म्हणाला की फिरायचं, टोक पन्नास मीटरवर असलं तरी. खाली सही. मागच्या महिन्यात वाचलं तेव्हा बरं वाटलं होतं की माणसं जबाबदार आहेत. आता पेन उचललं की तेच शब्द ऐकू येतात. त्याच फॉर्ममध्ये वर 'पूर्वानुभव' म्हणून चार ओळी मोकळ्या आहेत. तिथं काय लिहू? राजहंसगड, वैजनाथ, आंबोली? उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतला कोर्स मी केलेला नाही. करायचा होता. त्या वर्षी बाबा… ते राहू दे.

यादीत माझ्या नावापुढे कर्नाटक लिहिलंय. गटातल्या पुण्याच्या ताईंनी फोनवर कौतुकानं विचारलं, "तुमचं मराठी इतकं छान कसं हो?" त्यावर आज लिहायचं नाही.

हेडबाईंची रजेवर सही अजून व्हायची आहे. तेही आज नको.

रात्री झोप येईना म्हणून तेनझिंगबद्दल वाचत बसले. एव्हरेस्टच्या १९५३च्या त्या मोहिमेत सामान वाहायला साडेतीनशेच्या वर हमाल होते. त्यांच्या पाठीवरून सगळं वर चढत गेलं आणि शेवटी २९ मे रोजी दोन माणसं टोकावर उभी राहिली. खाली आल्यावर लोकांनी एकच धरलं, आधी पाय कुणाचा? दोघांनी सही करून सांगितलं की जवळजवळ बरोबरच पोचलो. तरी लोक विचारतच राहिले. पुढे दोन वर्षांनी तेनझिंगनंच सांगून टाकलं की हिलरी काही पावलं पुढे होता.

मला त्या सहीपाशी थांबावंसं वाटलं. तेनझिंग १९३५ साली पहिल्यांदा एव्हरेस्टकडे गेला तो दुसऱ्यांचं ओझं वाहायला. त्यानंतर किती वेळा गेला. त्याला कोण नेऊन आणत होतं? तोच तर नेत होता. आणि शेवटच्या चढावर दोघांच्या कमरेला एकच दोर होता. त्या दोरात कोण नेणारा आणि कोण नेलेला, हे त्या दोघांनाही सांगावंसं वाटलं नाही. लोकांनी दोन वर्षं छळलं, तेव्हा कुठे सांगितलं.

पण मी तेनझिंग नाही, हिलरीही नाही. माझ्या दोराचे पैसे मी भरलेत. पुन्हा तिथेच आले.

मग आजी आठवली. आजीचा डोंगर.

आमच्याकडे सौंदत्तीला जायचं म्हटलं की कुणी सौंदत्ती म्हणत नाही, डोंगराला जायचं म्हणतात. आजी शेवटची डोंगराला गेली तेव्हा तिला नीट दिसतही नव्हतं. जीप दादानं ठरवली. पायऱ्यांवर एका बाजूनं दादा, दुसऱ्या बाजूनं मी. जोगुळभावीच्या कुंडावर पाणी मी तिच्या डोक्यावर घातलं. गर्दीत कुणीतरी तिचा हात धरून पुढे सरकवलं, 'उदं गं आई उदं' चाललेलं, आणि ती देवीसमोर क्षणभर उभी राहिली. येताना जीपमध्ये झोपूनच होती. आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या तेव्हा ताठ बसून म्हणाली, "डोंगर झाला माझा."

मला नेलं, असं नाही म्हणाली. नातवंडांनी करवून आणलं, असंही नाही. आणि आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही की आजी, तू कुठं चढलीस, आम्ही चढवलं. डोंगर तिचा झाला होता. तिनं तो आधी वर्षभर धरून ठेवला होता. मंगळवारचे उपास, चिल्लर साठवलेली पितळी डबी, औषधं वेळेवर घेणं. "डोंगराला जायचंय बाई मला," एवढंच कारण.

हे आठवलं आणि पहिल्यांदा मामांच्या शब्दांची धार थोडी कमी झाली. पूर्ण गेली नाही. आजीला दिसत नव्हतं, मला दिसतं. मी चाळिशीतली, हातीपायी धड बाई आहे.

आज संध्याकाळी आई चहा घेऊन आली. फॉर्म बघून म्हणाली, "अजून केली नाहीस सही?" मी म्हटलं, "मामा काय म्हणाले ते ऐकलंस नव्हं?" तिला आठवेना. मी आठवण करून दिली, नेऊन आणणार म्हणाले.

"व्हय की," ती म्हणाली. "तेच ऐकून त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली बाई. आणणार म्हणाले ते."

चार दिवस मी 'नेऊन'वर अडकले होते. आईनं त्या दोन शब्दांतला दुसराच उचलला होता. तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. ती कप घेऊन गेली तरी मी तशीच बसून राहिले. चार दिवस मी माझंच मोजत होते, चढणं किती माझं, किती त्यांचं. आईनं यातलं काहीच मोजलं नव्हतं. तिला वाटेत एक माणूस दिसत होता, जो वर पाच हजार मीटरवर माझा चेहरा बघून ओळखेल की डोकं दुखतंय म्हणते ते साधं नाही, पाय लटपटतायत ते दमल्यानं नाही, आणि मला खाली घेऊन येईल. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी भरायला लागलं की खाली उतरवणं हाच खरा इलाज, हे मीच तिला सांगितलं होतं. तेव्हा माझी अक्कल चालत नसेल, हेही मीच सांगितलं होतं. त्या वेळी निर्णय माझा असावा असं मला खरंच वाटतं काय?

नाही वाटत.

ते कलम मग पुन्हा वाचलं. शब्द तेच होते. सही केली. पूर्वानुभवाच्या ओळीत लिहिलं: राजहंसगड, येळ्ळूर, दर रविवारी, बारा किलो वजन घेऊन. खोटं काही लिहिलं नाही. वाटाड्याला कळायला हवं की तो कुणाला नेतोय.

रात्री नऊला मामांचा फोन. लेहला पोचल्यावर काय करायचं ते त्यांना, फौजेतल्या दिवसांतलं, आत्ता आठवलं होतं. "पहिल्यांदा सहा दिवस हलायचं न्हाई. मग वर चार दिवस, मग अजून वर चार. आम्हाला तसंच ठेवायचे. कितीबी पैलवान असला तरी." मी म्हटलं, आमच्याकडे एवढे दिवस नाहीत मामा, पण हळूहळूच चढवणार आहेत, रोज झोपायची उंची फार वाढवायची नाही असं आहे. त्यांना ते पटलं नाही. विचारलं, "आणि वर नेणारा माणूस तिथलाच नव्हं? मग ऐक त्याचं. आम्हाला वर न्यायला लडाखी पोरं असायची. वीस-बावीस वर्षांची. बर्फाकडे बघून सांगायची, इथं पाय ठेवू नका. सुभेदारबी ऐकायचा."

मग बराच वेळ गप्प. त्यांच्या फोनमधून पावसाचा आवाज येत होता, खानापूरकडे जास्तच आहे म्हणे.

"उद्या रविवार. येळ्ळूरला किती वाजता निघतीस? मीबी येतो."

त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नाही. मी सांगितलं, पाऊस आहे, पायवाट निसरडी झालीय. ते म्हणाले, "सावकाश जाऊ की. तू हाईस नव्हं."

साडेपाचची गाडी सांगितली त्यांना. उद्या पायवाट नको, डांबरी रस्त्यानंच जाऊ. सॅकमधला तांदूळ निम्मा काढून ठेवला, पाण्याची एक बाटली जास्त घेतली, आणि बाबांची काठी माळ्यावरून काढून पुसून दाराशी ठेवली. मातीचे बैलही उचलले. एकाचं शिंग मोडलंय.