दाबाचं चाक सगळ्यात शेवटी: होमोजिनायझर चालवण्याचा माझा अनुभव

दुधातलं फॅट बारीक फोडून सारखं मिसळणारं यंत्र म्हणजे होमोजिनायझर. त्याच्या जवळपास प्रत्येक तक्रारीवर शॉपफ्लोअरवर एकच औषध सुचवलं जातं: दाब वाढवा. वर साय धरतेय, दाब वाढवा. थेंब मोठे दिसतायत, दाब वाढवा. ओव्हरहॉल झालेलं एक यंत्र पुन्हा उत्पादनावर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हाही सल्ला हाच होता. ते यंत्र मार्गी लागेपर्यंत माझं मत पक्कं झालं की हात लावायच्या गोष्टींत दाबाचं चाक सगळ्यात शेवटी येतं. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

यंत्र नेहमीचंच होतं. तीन प्लंजर (पुढेमागे सरकून द्रव ढकलणारे दांडे), दोन स्टेज (एकामागोमाग दोन व्हॉल्व्ह, प्रत्येकाला दाबाचं चाक), ताशी 5000 लिटर, 200 बार. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण 200 किलोचा भार. आतली रचना मात्र सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही. ऑगस्त गोलँ या फ्रेंच माणसाने 1899 मध्ये पेटंट घेतलं आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात यंत्र मांडलं. तीन पिस्टनचा पंप आणि पुढे अतिशय अरुंद वाट, एवढीच मूळ कल्पना. आज त्या वाटेच्या जागी व्हॉल्व्ह आणि तो जिच्यावर टेकतो ती सीट असते. दोघांमधली फट जेमतेम कागदाच्या जाडीची, आणि 200 बारला त्यातून द्रव सेकंदाला 200 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. दुधातले सरासरी 3-4 मायक्रॉनचे फॅटचे गोळे तिथे फुटून एका मायक्रॉनच्या खाली येतात.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. हा पंप सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाती फिरवून द्रव फेकणारा, नाही. पुढे वाट बंद असली तरी प्लंजर ढकलतच राहतो. वाट मिळाली नाही तर तो सेफ्टी व्हॉल्व्ह उडवेल, तो नसेल तर काहीतरी फोडेल. म्हणून डिस्चार्ज लाइनवरचा प्रत्येक व्हॉल्व्ह उघडा आहे हे स्वतः लाइनबरोबर चालत जाऊन बघायचं. पॅनेलवरच्या हिरव्या दिव्यावर मी तरी विसंबत नाही. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतोय म्हणून त्याची सेटिंग वाढवणं हा गुन्हा समजावा.

आमच्या वरिष्ठ फिटरने पहिल्या दिवशी मला चाकाला हातच लावू दिला नाही. म्हणाले, "आधी पाणी बघ, तेल बघ, मग फीड बघ. चाक कुठे पळून जात नाही." फीड म्हणजे यंत्रात येणारा द्रव.

पाणी म्हणजे प्लंजरवर पडणारं थंड पाणी. ते बंद राहिलं तर पॅकिंग (प्लंजरभोवतीचं गळती रोखणारं सील) करपतं, आणि गरम झालेल्या सिरॅमिक प्लंजरवर मग एकदम गार पाणी सोडलं तर तो तडकू शकतो. त्यामुळे क्रम ठरलेला: पाणी आधी, मोटर नंतर. आमच्याकडे पाण्याचा फ्लो स्विच मोटरशी इंटरलॉक केलेला होता, म्हणजे पाणी नसेल तर मोटर चालत नव्हती. तरी धार डोळ्यांनी बघायची सवय मी सोडली नाही. तेल म्हणजे क्रँककेसचं, प्लंजर हलवणाऱ्या भागांच्या पेटीतलं. काचेतून ते दुधाळ दिसलं तर आत पाणी किंवा उत्पादन शिरलंय, यंत्र सुरू करायचं नाही. बेल्टवर गार्ड, कानाला संरक्षण, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात दोन्ही स्टेज पूर्ण सैल ठेवून, पाण्यावर. हवा निघून जाईपर्यंत गेजची सुई नाचते, मग ठरते. ती ठरल्यावरच दाब चढवायचा, आणि तोही दुसऱ्या स्टेजपासून. दुसऱ्या स्टेजवर एकूण दाबाच्या 10 ते 20 टक्के ठेवतात. आम्ही 200 पैकी 40 ठेवत होतो. आधी दुसरी स्टेज आवळून गेज 40 वर आणायचा, मग पहिली आवळत 200 पर्यंत जायचं. पहिल्या स्टेजमध्ये फुटलेले थेंब लगेच एकमेकांना चिकटून घोस धरू पाहतात, ते घोस दुसरी स्टेज सोडवते. उतरताना उलट: पहिली सैल, मग दुसरी, मग मोटर बंद. दाबाखाली मोटर सुरूही करायची नाही आणि बंदही.

पाण्यावर सगळं झकास चाललं. उत्पादन घेतलं आणि तक्रार आली.

बाटलीत नमुना ठेवला की वर साय जमत होती. दुधासाठी एक जुनी कसोटी आहे: नमुना थंड जागी 48 तास न हलवता ठेवायचा, मग लिटरमधलं वरचं 100 मिली वेगळं काढून त्यातलं फॅट आणि उरलेल्यातलं फॅट यांची तुलना करायची. फरक 10 टक्क्यांच्या आत हवा. आमचा बराच बाहेर होता. गेज मात्र 200 दाखवत होता, आणि अर्थातच 230 करून बघा असा आग्रह सुरू झाला.

त्याआधी मी गेज खरं बोलतोय का ते तपासलं. याला एक सोपी युक्ती आहे, तिला खर्च शून्य. व्हॉल्व्हमध्ये खर्ची पडलेला दाब शेवटी उष्णता होतो. पाणी किंवा दूध असेल तर दर 100 बारला जवळजवळ अडीच अंश सेल्सियस. म्हणजे 200 बारला आत-बाहेर तापमानात 5 अंशांच्या आसपास फरक पडायलाच हवा. आमचा पडत होता. मोटरचा भारही हिशेबाने बसत होता: ताशी लिटर गुणिले बार, भागिले 36000, म्हणजे 28 किलोवॅटच्या जवळ, वर घर्षण वगैरेची तूट. तेव्हा दाब खरा होता, आणि तरीही साय धरत होती.

मग आत येणारं तापमान बघितलं. फॅट पूर्ण वितळलेलं हवं. दुधासाठी 60 ते 70 अंश ही नेहमीची पट्टी. आमचं 65 होतं. तिथे काही सापडलं नाही.

सुई मात्र बारीक थरथरत होती, आणि मधूनच ठकठक ऐकू यायची. ही थरथर वाचायला शिकणं हा या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, अगदी ठेक्यात झटका बसत असेल तर बहुधा एखाद्या प्लंजरचा सक्शन किंवा डिस्चार्ज व्हॉल्व्ह नीट बसत नाही. झटके बेताल असतील तर फीडमध्ये हवा आहे किंवा फीड कमी पडतंय. आमचे बेताल होते. आपला गेज दाब सांगतो, पण सुई कशी वागते ते खरी बातमी सांगते.

फीड लाइनवरचा छोटा गेज कोणी बघतच नव्हतं. तिथे 2 ते 3 बार टिकायला हवेत, तो मध्येच त्याखाली जात होता. उलट जात बॅलन्स टँकपर्यंत (यंत्राआधी द्रव साठवणारी टाकी) गेलो तर परतीची लाइन पातळीच्या बरीच वरून धबाधब पडत होती, आणि ढवळणारा इतका वेगात होता की भोवरा पडून हवा खाली ओढली जात होती. वर फेस दिसतच होता. ओव्हरहॉलच्या वेळी ती लाइन थोडी कापून बसवली होती, एवढंच. लाइन पातळीखाली नेली, ढवळण्याचा वेग उतरवला, गाळणी साफ केली. ठकठक थांबली, सुई शांत झाली. हवा दाबली जाते आणि प्लंजरचा धक्का खाऊन टाकते; शिवाय पॅकिंग आणि व्हॉल्व्ह दोन्ही ठोकून खराब करते.

साय कमी झाली, पण गेली नाही.

दुसरा धागा फिटरच्या लक्षात आला. 200 बार गाठायला चाक पूर्वीपेक्षा जास्त फिरवावं लागत होतं. हे व्हॉल्व्ह झिजल्याचं लक्षण. सीटवर चर पडला की काही द्रव त्या चरातून निसटतो. बाकीची फट आवळून गेज 200 दाखवतो, पण निसटलेल्या भागातले थेंब न फुटताच पुढे जातात. अशा वेळी दाब वाढवला तर चर आणखी खोल होतो.

व्हॉल्व्ह उघडण्याआधीचं सांगतो, कारण धोका इथेच जास्त. मोटर बंद, विजेला कुलूप आणि टॅग, किल्ली उघडणाऱ्याच्या खिशात. दोन्ही चाकं सैल, फीड आणि डिस्चार्जला अडकलेला दाब काढलेला, गेज शून्य. गेज अडकून शून्य दाखवू शकतो, म्हणून ड्रेन उघडूनही बघायचं. आणि चालू यंत्राची गळती बोटाने चाचपायची नाही, कधीच नाही. त्वचा भेदायला 7 बारचा फवाराही पुरतो, इथे 200 आहेत. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, आणि आत द्रव मांसात पसरलेला असतो. मलम लावून कामावर परतायची ही जखम नव्हे; ताबडतोब रुग्णालय गाठायचं आणि उच्च दाबाच्या फवाऱ्याची इजा आहे हे तिथे स्पष्ट सांगायचं, कारण अनेकदा शस्त्रक्रिया लागते.

आत खरंच चर होता. व्हॉल्व्ह, सीट आणि इम्पॅक्ट रिंग (फटीतून सुटलेला द्रव जिच्यावर आदळतो ती कडी) तिन्ही बदलली. जुन्या व्हॉल्व्हबरोबर नवी सीट बसवण्याची काटकसर काही जण करतात. मला ती पटत नाही, दोन्ही एकमेकांना नीट बसत नाहीत.

यानंतरच खरं ट्यूनिंग सुरू झालं. तापमान आणि फीड तसंच ठेवून 120, 150, 170 आणि 200 बारला नमुने घेतले. प्रत्येक दाबाला आधी थोडा वेळ जाऊ दिला, नाहीतर लाइनमधलं मागचं उत्पादन नमुन्यात येतं. सूक्ष्मदर्शकाखाली 120 चे थेंब उघडच मोठे होते, 150 चे बरे, आणि 170 व 200 यांत फरक शोधावा लागत होता. साय 170 लाही कसोटीत बसली. 30 बार कमी म्हणजे हिशेबाने चार किलोवॅटहून थोडी जास्त बचत, शिवाय व्हॉल्व्ह आणि पॅकिंगचं आयुष्य वाढतं ते वेगळं.

प्रत्येक उत्पादनाला हे लागू नाही. जास्त फॅटच्या क्रीमवर दाब चढवला की नवे पृष्ठभाग झाकायला प्रथिनं पुरत नाहीत, थेंब घोस धरतात आणि क्रीम घट्ट होत जातं. तिथे दाब कमी करूनच गाडी रुळावर आली, आणि हे उत्पादन विभागाला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सीआयपीच्या, म्हणजे यंत्र न उघडता आतून धुण्याच्या, वेळी दोन्ही स्टेज सैल ठेवतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत प्लंजरचं थंड पाणी चालूच. शिफ्टच्या वहीत आता फीडचा दाब, आत-बाहेरचं तापमान, मोटरचा अँपिअर आणि चाक किती फिरलं हे चार रकाने वाढवले आहेत. चाकाच्या रकान्यावरून व्हॉल्व्ह कधी बदलायचा याचा अंदाज बऱ्यापैकी आधी येतो. साध्या दुधाच्या कार्डवर 170 लिहिलं गेलंय, बाकी उत्पादनांच्या चाचण्या अजून सुरू आहेत.