अर्धं सूत

पावसाळ्यात नाशिकचा माणूस नदीची उंची मीटरमध्ये सांगत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते मोबाइलवर येतंच, पण आम्ही एकमेकांना विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. गुडघ्याला पाणी आलं की लोक फोटो काढायला निघतात. कमरेच्या वर गेलं की भांडीबाजारात आणि सराफात माल वर चढवायला सुरुवात होते. गळ्याशी आलं की प्रत्येक घरातलं एक तरी ज्येष्ठ माणूस १९६९चा पूर काढतं आणि २००८च्या पुराला त्याच्यापुढे किरकोळ ठरवतं.

अशाच एका ऑगस्टात, सगळं गाव मारुतीकडे बघत असताना, आमच्या घरात दीड मिलिमीटरवरून चर्चा चालू होती.

माझी इलेक्ट्रिक गिटार महागातली नाही. जुनी, हातबदलीची, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट गिटारच्या घाटाची. उन्हाळ्यात बरी वाजायची. पाऊस धरला आणि तारा जड वाटायला लागल्या. आधी वाटलं, बोटंच आळशी झालीत. मग बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे गिटारच्या नेकवरच्या (मानेवरच्या) बाराव्या आडव्या धातूपट्टीपाशी, आडव्या नजरेनं पाहिलं, तर तार आणि फ्रेट यांच्यात चांगलाच उजेड दिसत होता. गिटारवाले या अंतराला अ‍ॅक्शन म्हणतात. तार उंच असली की बोट जास्त दाबावं लागतं, हा त्रास झालाच; पण दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. मोकळी तार अगदी सुरात असली तरी वर गेल्यावर सगळं किंचित चढं बोलतं. तार फार खाली असली, तर हलताना पुढच्या फ्रेटवर आपटते आणि खरखरते. या दोन संकटांच्या मधली जागा शोधायची, एवढंच काम. तेवढ्यासाठी माणसं रात्री जागतात.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. तीस वर्षं. संगीताशी त्यांचा संबंध आईचा तंबोरा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवण्यापुरता. मी पट्टी घेऊन खिडकीशी डोळे बारीक करून बसलेली त्यांनी पाहिली.

"काय मोजतेस?"

"तारेची उंची. फेंडरवाले सांगतात, सतराव्या फ्रेटवर इंचाचे चार चौसष्टांश ठेवा."

"म्हणजे सोळांश. अर्धं सूत." एवढं बोलून ते आत गेले आणि गंजू नये म्हणून तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, घेऊन आले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला तोवर माहीत नव्हतं. सुतार आणि फिटर आजही सुतात बोलतात. अमेरिकेतल्या कंपनीचं माप आमच्या हॉलमध्ये दोन शब्दांत मराठी झालं.

पुढचा तास बाबांचा होता. मी ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या भागाच्या, स्क्रूला अ‍ॅलन की लावायला निघाले, तर त्यांनी हात धरला. "आधी नेक सरळ आहे का बघ. पाया वाकडा असताना खिडकी काय दुरुस्त करतेस?" गंमत म्हणजे गिटारची दुरुस्ती करणारेही हाच क्रम सांगतात. नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तारांचा ताण नेकला पुढे ओढतो आणि ही सळई त्याला उलटा जोर लावते. लाकूड हवेतला ओलावा पितं, कोरड्या हवेत तो सोडतं, आणि नेकची कमान बदलते. कमान पूर्ण घालवायची नसते. तारेला मधे हलायला जागा लागते, म्हणून थोडी ठेवतात. डाव्या हातानं पहिला फ्रेट दाबायचा, उजव्या कोपरानं शेवटचा, आणि सात-आठच्या आसपास तारेखाली पाव मिलिमीटरची पाती सरकते का पाहायचं. हे एकट्या माणसानं करायचं तर कसरत आहे. मी दाबून धरलं, बाबांनी पाती सरकवली. पाव मिलिमीटरची गेली. अर्ध्याचीही गेली.

"दहा थाऊ पाहिजे होतं, वीस आहे," बाबा म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. निवृत्तीनंतर त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी नातवाच्या बारशालाच पाहिला होता.

ट्रस रॉडचा नट पाव फेरा घट्ट केला. पाव फेऱ्यानंतर चहा, हा नियम बाबांचा. लाकडाला बसायला वेळ द्यायचा म्हणे. मला वाटतं तो वेळ चहालाच हवा होता, पण नियम चुकीचा नाही. पुन्हा पाव फेरा, पुन्हा चहा, मग कमान जागेवर आली.

मग ब्रिज. सहा तारांना सहा सॅडल, म्हणजे तार टेकायचे छोटे ठोकळे, प्रत्येकाला दोन बारीक स्क्रू. माझ्या गिटारला दीड मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. तीन मिलिमीटरच्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला की सॅडल अर्धा मिलिमीटर खाली. हे बाबांनी तोंडीच सांगितलं. दोन्ही स्क्रू सारखे फिरवायचे, नाहीतर सॅडल तिरकं बसतं. फ्रेट बसवलेली पाटी सपाट नसून किंचित गोलाई असलेली, म्हणून मधल्या तारा थोड्या वर, कडेच्या खाली. शिवाय जाड तार जास्त झोके घेते, तिला जागा जास्त. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून मगच मोजायचं, कारण ताण बदलला की मापही बदललं. बाबांना ही गोष्ट सगळ्यात आवडली. "माप लोड असतानाच घ्यायचं. बरोबर आहे तुमच्या लोकांचं."

तुमच्या लोकांचं! म्हणजे माझं आणि फेंडरचं.

पाच तारा शिस्तीत बसल्या. सहावी, सगळ्यात जाड, अर्ध्या सुतावर आणली की खरखरायची. अँप लावला तर त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं; खरखर होती ती नुसत्या लाकडाची. जाणकार सांगतात, अँपमधून येत नसेल तर सोडून द्या. पण बाबांच्या शब्दकोशात सोडून द्या हा शब्द नाही. ते पुन्हा पाती काढायला लागले.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या गांधर्वच्या परीक्षा मध्यमापर्यंत झालेल्या, विशारद राहिली ती राहिलीच. तिनं सहावी तार एकदा छेडली, कान दिला, आणि म्हणाली, "खरखर कसली? जवारी आहे की."

बाबा आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

तिचा तंबोरा मिरजेचा. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार पुढे तंबोरे करायला लागले, त्या मिरजेचा. त्याच्या घोडीची पाठ रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावरून घासत निघावी आणि सुरातून आणखी सूर फुटावेत, अशी ती मुद्दाम घासलेली. हीच जवारी. एवढ्यानंही भागत नाही, म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात. आई तो नखानं किंचित पुढे-मागे करते. एका जागी तार मुकी असते, केसभर सरकवला की बोलायला लागते. लहानपणी मला ते जादूसारखं वाटायचं. आता कळलं, की जी खरखर घालवायला मी आणि बाबा सकाळपासून चहावर चहा पीत होतो, तीच आणायला ही बाई पन्नास वर्षं दोरा सरकवते आहे.

"अहो, तुमचं अर्धं सूत आणि माझं सूत वेगळं," आई म्हणाली आणि आत कुकरची शिटी बघायला गेली.

मी सहावी तार अर्धा फेरा वर घेतली. खरखर गेली. बाबांनी माप वहीत लिहिलं, तारखेसकट.

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला, ओठ फुटले आणि गिटारही. हवा कोरडी झाली, नेकनं आपली कमान बदलली, आणि चार तारा एकदम खरखरायला लागल्या. बाबा वही आणि फडक्यातलं फिलर गेज घेऊन हजर. आई शाल गुंडाळून दारात उभी राहिली. तिनं एकेक तार ऐकली.

"बाकीच्यांचं काय करायचं ते करा," ती म्हणाली, "त्या जाडीला हात लावू नका."

बाबांनी वहीत सहाव्या तारेपुढे रेघ मारली आणि ती जागा रिकामी ठेवली.