अंगणवाडी आणि ओढ्यापलीकडची मुले

खानापूर तालुक्यातील एका वाडीवर आज अंगणवाडीच्या पालक बैठकीला गेले होते. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू असली, तरी पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या वस्तीवरील तीन ते सहा वर्षांची मुले घरीच राहतात, ही येथील खरी अडचण आहे. म्हणून स्त्रीशक्ती संघाच्या बायकांनी आळीपाळीने मुलांची ने-आण करण्याचे, तरुण मंडळाने साकव दुरुस्त करण्याचे आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी साहित्य देण्याचे मान्य केले. एका आजींनी तर मोजणी शिकवण्यासाठी चिंचोक्यांचे गाठोडेच आणून सेविकेच्या हाती दिले. विकतच्या खेळण्यांपेक्षा मला ते अधिक मोलाचे वाटते. साकवाचे काम मात्र मिरगाच्या आधी व्हायलाच हवे.