जीटी८६ ट्रॅकसाठी: आधी कॅम्बर, मग रिम, सगळ्यात शेवटी रबर

गाडीची आत्ताची स्थिती: टोयोटा जीटी८६, २०० पीएस, वजन साधारण १२४० किलो, स्प्रिंग आणि शॉक मूळचेच. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल आधीच बदललेलं. वापर जर्मनीत, मुख्यतः हॉकेनहाइमच्या ४.५७४ किमीच्या ट्रॅकवर. जाताना-येताना ऑटोबान, म्हणजे जर्मन महामार्ग, त्याच चाकांवर, म्हणजे ट्रेलर नाही. ही शेवटची अट विसरून टायर निवडला की संध्याकाळी परतीच्या पावसात त्याची किंमत कळते.

कारखान्यातून गाडी येते ती १७x७ जे, ईटी ४८ रिम (व्यास आणि रुंदी इंचांत; ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर मिमीत) आणि २१५/४५ आर१७ मिशलिन प्रायमसी एचपी टायरवर (रुंदी मिमीत, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत). तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या १७ इंची रिमवरही हाच साइज असतो. रस्त्यावर गाडी खेळकर वाटावी म्हणून टोयोटाने मुद्दामच कमी पकडीचा टायर दिला, आणि रस्त्यापुरता तो हिशेब बरोबर आहे. ट्रॅकवर मात्र चार-पाच लॅपमध्ये पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा गोल व्हायला लागतो. हॉकेनहाइम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालतं. नॉर्डकुर्व्ह, श्पित्सकेरे, मोटोड्रोममध्ये शिरतानाचं वळण, झ्युडकुर्व्ह ही सगळी उजवी, झाक्सकुर्व्हसारखी डावी थोडीच. त्यामुळे पुढचा डावा टायर सगळ्यांची हमाली करतो. आतला अर्धा टायर नव्यासारखा आणि बाहेरचा खांदा गोटा, असं दिसलं की बहुतेक जण म्हणतात, ‘टायर मऊ आहे, सेमी-स्लिक (कमी नक्षीचे ट्रॅकचे टायर) घ्या.’ दोष तिथे नसतो. गाडीच्या पुढच्या चाकांना मूळ सेटिंगमध्ये कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक आत किंवा बाहेर किती कललंय तो कोन, जवळपास शून्य असतो. वळणात बॉडी झुकली की मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकचा उभा खांब) चाकालाही बरोबर घेऊन झुकतो आणि सगळा भार बाहेरच्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर येतो. त्या पट्टीवर महागडा टायर ठेवला तर तोही तिथेच झिजतो, फक्त जास्त पैशांत.

कॅम्बर

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टच्या जागी बारीक शँकचे कॅम्बर बोल्ट. भोकात जी मोकळीक मिळते तेवढं चाक आत कलतं. साधारण एक अंश, थोडं जास्तही. त्यापुढे जायचं तर स्ट्रटच्या वरच्या टोकाला कॅम्बर प्लेट. त्यांनी अडीच-तीन अंश सहज मिळतात, पण रस्त्यावर थोडा खडखडाट येतो.

या दोन उपायांतला एक फरक रिम घेण्याआधी समजून घ्यायला हवा. खालच्या बोल्टने कॅम्बर दिला तर चाक स्ट्रटच्या तुलनेत कलतं, म्हणजे टायरचा वरचा आतला भाग स्ट्रटच्या जवळ सरकतो आणि आतली फट कमी होते. वरच्या प्लेटने दिला तर स्ट्रट आणि चाक एकत्र कलतात, आतली फट तेवढीच राहते. रुंद रिम बसवून मग बोल्टने कॅम्बर वाढवला आणि टायर स्ट्रटला घासला, हा प्रकार नेहमीचा. कॅम्बर बदलल्यावर टो, म्हणजे वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन, बदलतोच. तेव्हा अलाइनमेंट केल्याशिवाय ऑटोबानवर जायचं नाही, नाहीतर आतली कड एका महिन्यात संपते. आपल्या गाडीला आत्ता पुढे दोन्हीकडे उणे १.८, मागे उणे १.६, पुढचा टो शून्य.

रिम

पाच नट, पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ५x१००, सेंटर बोअर (मधलं भोक) ५६.१ मिमी. पुण्या-मुंबईतल्या पोलोवाल्यांना ५x१०० तोंडपाठ असतो, आणि म्हणूनच जुन्या फोक्सवागनच्या रिम स्वस्तात दिसल्या की हात शिवशिवतात. दोन गोष्टी बघा. तिथे बोअर ५७.१ असतो, म्हणजे हबवर एक मिलिमीटर ढिला. शिवाय मूळ फोक्सवागन रिममध्ये बोल्टची बैठक गोलाकार असते, जीटी८६च्या नटांची शंकूसारखी, ६० अंशांची. गोल बैठकीत शंकू बसवला तर नट कडेच्या एका बारीक रेघेवर टेकतो, टॉर्क रेंच ‘कट्’ वाजते आणि तीन लॅपनंतर नट सैल झालेला असतो. रिंग टाकून बोअर सुधारता येतो, बैठक नाही. अशी रिम घेऊच नका.

नटांतली दुसरी फसगत म्हणजे टोयोटाचा बिल्ला बघून टोयोटाचे नट मागवणं. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांत धागा एम१२x१.५ असतो. ही गाडी सुबारूची भावंड, तिचा धागा एम१२x१.२५. चुकीचा नट हाताने दोन आटे जातो, मग अडतो. तिथे इम्पॅक्ट गन लावली की स्टडच बदलायची वेळ येते. नट स्टीलचेच घ्या. रंगीत अॅल्युमिनियमचे दिसतात छान, पण दर महिन्याला चार वेळा काढ-घाल करणाऱ्याचं काम नाही.

आता रुंदी आणि ईटी. मूळ १७x७ ईटी ४८ च्या जागी १७x८ ईटी ४० घेतली तर रिम दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी वाढते. ईटी ८ ने कमी झाल्यामुळे पूर्ण चाक ८ मिमी बाहेर येतं. बाहेरची कड १२.७ + ८ = २०.७ मिमी बाहेर, आतली १२.७ − ८ = ४.७ मिमी आत. पावणेपाच मिलिमीटर आत मूळ स्ट्रटला चालतात, बाहेरचे एकवीस मडगार्डखाली मावतात. तेच १७x९ ईटी ४५ केलं तर आत २२.४ आणि बाहेर २८.४ मिमी. इथे आत स्ट्रट, बाहेर मडगार्डची ओठासारखी कड, दोन्हीकडे भांडण. नऊ इंच बसवणारे लोक बरेच आहेत, पण त्यांच्या गाडीत कॅम्बर प्लेट, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) आणि दुमडलेली मडगार्ड असतात. मूळ सस्पेन्शनवर आठ इंचांवर थांबा.

वजनाचं उदाहरण म्हणून एन्केई आरपीएफ१, १७x८: साधारण सव्वासात किलो. बोअर ७३, म्हणून ७३ ते ५६.१ ची हब रिंग लागते. ती अॅल्युमिनियमची घ्या. प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने मऊ होते आणि हबला चिकटून बसते, मग चाक लाथा मारल्याशिवाय निघत नाही. जर्मनीत मात्र रिम विकत घेण्याआधी कागद विचारा. एबीई (सरकारी मान्यतापत्र) किंवा टाइलेगुटआख्टेन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) असेल तर टीयूव्हीत, म्हणजे वाहन तपासणी केंद्रात, काम सरळ. नसेल तर जर्मन वाहन नियमांच्या परिच्छेद २१ खालची वेगळी तपासणी, आणि तिथे तपासणाऱ्याच्या मताला फार महत्त्व. स्वस्त रिम घेऊन परवानगीवर दुप्पट खर्च करणारे कमी नाहीत.

अठरा इंच का नको, हे विचारलं जातंच. २२५/४० आर१८ चा व्यास ६३७ मिमी, मूळ ६२५. म्हणजे गिअरिंग जवळपास दोन टक्के लांब होतं, आणि २०५ एनएम टॉर्कच्या इंजिनाला ते श्पित्सकेरेतून बाहेर पडताना जाणवतं. वर टायर महाग. दिसायला अठरा चांगले दिसतात, हे मान्य.

टायरचा साइज

२२५/४५ आर१७: व्यास ६३४ मिमी, मूळपेक्षा १.४ टक्के मोठा. मान्य रिम रुंदी ७ ते ८.५ इंच, त्यामुळे आठ इंचावर साइडवॉल सरळ उभी राहते. २४५/४० आर१७ व्यासाने मूळच्या अगदी जवळ, ६२८ मिमी, पण त्याला ८ ते ९.५ लागतात. आठवर तो नियमात बसतो, पण किमान रुंदीवर. साइडवॉल फुगते, वळणात टायर रिमवर लोळतो, आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी अर्धा क्षण विचार करते. जास्त रबर टाकून कमी धार मिळवायची हा उलटा धंदा. शिवाय २०० पीएसला पाराबोलिकामध्ये, म्हणजे ट्रॅकच्या लांब वेगवान भागात, प्रत्येक जादा किलो आणि जादा सेंटिमीटर ओढावा लागतो.

पुढे-मागे एकच साइज ठेवा. या गाडीचा तो मोठा फायदा आहे, कारण झिजलेला पुढचा टायर मागे पाठवता येतो.

रबर

इथे लोक रात्र-रात्र वाद घालतात, आणि खरं तर निर्णय सर्वांत सोपा आहे. सुरुवातीचे पाच-सहा ट्रॅक डे मिशलिन पायलट स्पोर्ट ४ सारख्या रस्त्याच्या टायरवर करा. तो तीन-चार जोरदार लॅपनंतर तापतो, निसरडा होतो, किंचाळतो, आणि एक शांत लॅप दिली की परत येतो. हीच शिकवणी. पावसात घरी आणून सोडतो. नवा कोरा, पूर्ण नक्षीचा टायर मात्र ट्रॅकवर नेऊ नका. उंच ठोकळे तापून वाकतात, कडा पिसासारख्या उठतात, कधी तुकडे उडतात. रस्त्यावर दोनेक मिलिमीटर झिजलेला टायर ट्रॅकवर जास्त टिकतो.

पुढची पायरी हँकूक व्हेंटस आरएस४ किंवा योकोहामा अॅडव्हान निओव्हाच्या जातीची. पकड जास्त, उष्णता जास्त वेळ सोसतात, थंडीत पहिली लॅप जपून. त्यापुढे सेमी-स्लिक नानकांग एआर-१: ट्रेडवेअर (झीज सोसण्याचा आकडा, कमी म्हणजे मऊ) ८०, रस्त्याला परवानगी, पण साचलेल्या पाण्यात त्याच्या भरवशावर ऑटोबानवर वेग धरू नये. त्याची साइडवॉल कडक, इशारा कमी. रस्त्याचा टायर सुटण्याआधी ओरडतो, हा शांतपणे सुटतो.

सेमी-स्लिकसोबत येणारी बिलंही आधी मोजा. हब बेअरिंग या गाडीचं नाजूक ठिकाण आहे. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ लागला किंवा वेगात घूं-घूं आवाज आला तर बदला. ऑइलचं तापमानही वाढतं. वापरलेले सेमी-स्लिक घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर दिसत असली तरी वारंवार तापून थंड झालेलं रबर लाकडासारखं होतं. नखाने दाबून बघितलं तरी कळतं.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की जून २०२० पासून नवे टायर आयात करायला परवाना लागतो. तिथे यादी आधी दुकानात बघा, मग साइज ठरवा, आणि साइजनुसार रिम. इथला क्रम तिथे उलटा चालतो.

हवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि खर्च एका चांगल्या गेजचा. टायरमधली हवा २० अंशांवरून ७० अंशांवर गेली तर दाब किती वाढतो ते वायूच्या नियमाने निघतं. गेजवर २.० बार म्हणजे प्रत्यक्षात ३.० बार, कारण बाहेरची हवा १ बार धरायची. ३.० गुणिले ३४३ भागिले २९३ केलं की ३.५, म्हणजे गेजवर २.५. पायलट स्पोर्टला गरम असताना २.३ च्या आसपास बरं वाटतं. उलटा हिशेब केला तर थंड १.८ ने सुरुवात. एआर-१ ला गरम २.१ ते २.२.

कृती अशी. सकाळी सावलीत, गाडी चालवून आणण्याआधी नव्हे तर ट्रॅकवर पोचून टायर निवल्यावर, चारही १.९ करा; हिशेबापेक्षा किंचित जास्त, कारण नंतर हवा सोडता येते. पहिलं सेशन चार-पाच लॅप. पिटमध्ये येताच दोन मिनिटांच्या आत चारही टायर मोजा, जास्त असेल तेवढी हवा सोडा. डाव्या दोघांचा दाब उजव्यांपेक्षा ०.१ ते ०.१५ बारने जास्त मिळेल, त्यांतून जास्त सोडा. आकडे वहीत लिहा, सोबत बाहेरचं तापमान. सुईचा पायरोमीटर (रबरात टोचून तापमान मोजणारं यंत्र) असेल तर आतली, मधली, बाहेरची अशी तीन तापमानं घ्या. आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच ते दहा अंश गरम हवी. बाहेरची जास्त असेल तर कॅम्बर कमी आहे. मधली जास्त असेल तर हवा जास्त. इन्फ्रारेड बंदुकीने फक्त वरची कातडी मोजली जाते, तिच्यावर सेटिंग ठरवू नका.

डॅशबोर्डवर कमी हवेचा दिवा लागणार, लागू द्या. दिवस संपल्यावर मात्र टायर थंड होताच परत २.३ भरा. थंड १.७ वर भरधाव ऑटोबान म्हणजे साइडवॉल जाळण्याची सोय. बारीक कॉम्प्रेसर डिकीत ठेवा, ट्रॅकजवळच्या पंपावर सहा वाजता सगळ्यांची रांग असते.

नट

१२० एनएम, ताऱ्याच्या क्रमाने, चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं असताना. पहिल्या सेशननंतर हब निवू द्या, मग पुन्हा तपासा. गरम असताना आवळले की थंड झाल्यावर टॉर्क काय उरला ते सांगता येत नाही. धाग्याला ग्रीस नाही. ग्रीस लावलं की त्याच १२० ला स्टड प्रत्यक्षात फार जास्त ताणला जातो.

राहिलेलं काम

पुढचा डावा टायर अजूनही बाहेरून आधी झिजतोय, पण आता फरक एक मिलिमीटरच्या आत. कॅम्बर प्लेट लावून उणे २.५ करायचं की टायर फिरवत राहायचं, हा प्रश्न आहे. पायलट स्पोर्टची नक्षी असममित आहे, दिशेची नाही, म्हणून डावं चाक उजवीकडे नुसतं लावता येतं. दिशेच्या नक्षीचा टायर असता तर रिमवरून काढून उलटा चढवून पुन्हा बॅलन्सिंग करावं लागलं असतं. तूर्तास दोन ट्रॅक डेनंतर डावं-उजवं अदलाबदल. पुढच्या वेळी खोली तीन ठिकाणी मोजून आकडे इथेच टाकू.