तुम्ही विचारलंत म्हणून : जुना क्लोव्हर मोडून मका घ्यावा का?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागात ज्यांच्याकडे थोडीफार जमीन आहे आणि तीवर हरणे यावीत अशी ज्यांची इच्छा आहे, ते बर्फ वितळले की मला हमखास एक प्रश्न विचारतात : चार-पाच वर्षांपूर्वी पेरलेला क्लोव्हर (तीनपानी, शेंगवर्गीय चारापीक) आता विरळ झाला आहे, त्यात गवत माजले आहे, तर तो मोडून तिथे मका घ्यावा का? महाराष्ट्रातल्या आप्तांना हा प्रश्नच विचित्र वाटतो, कारण तिकडे मका रानडुकरांपासून वाचवण्यासाठी रात्री जागवाव्या लागतात आणि इथे आम्ही तो जनावरांनीच खावा म्हणून पेरतो. व्हाइटटेल हरणांसाठी राखलेल्या चाऱ्याच्या अशा तुकड्याला इथे फूड प्लॉट म्हणतात. त्यामागे शिकारीची हौस असते हे लपवण्यात अर्थ नाही. माझे उत्तर बहुधा ‘हो, पण कायमचा नाही’ असे असते आणि त्यातला दुसरा भाग लोक ऐकून घेत नाहीत, म्हणून ते एकदा सविस्तर लिहितो.

क्लोव्हर म्हातारा का होतो, हे आधी पाहावे लागते. पांढऱ्या क्लोव्हरचे बियाण्यातून निघालेले सोटमूळ एक-दोन वर्षांतच संपते. त्यानंतर ते झाड जमिनीलगत सरपटणाऱ्या खोडांवर आणि त्यांना फुटलेल्या उथळ मुळांवर जगते, त्यामुळे एखादा उन्हाळा कोरडा गेला की ठिकठिकाणी टकले पडतात. दुसरे कारण असे की, क्लोव्हरने मुळांवरच्या गाठींतून जमिनीत जमा केलेले नत्रच (नायट्रोजन) गवताला पोसते. मे महिन्यात फावड्याने एक ढेकूळ उपसून पाहावे : गाठ नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाली तर ती अजून काम करते आहे, राखाडी किंवा हिरवट निघाली तर तिचे काम संपले आहे. मात्र निम्म्याहून अधिक क्लोव्हर शाबूत असेल, तर मोडण्याची घाई करू नये. गवतापुरते तणनाशक मारून आणि वेळच्या वेळी कापणी करून तो आणखी एक-दोन वर्षे चालतो.

तो खरोखरच संपत आला असेल, तर त्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला कस, मक्याइतका क्वचितच दुसऱ्या कोणत्या पिकाला मानवतो. मका नत्राचा भुकेला आणि क्लोव्हर नत्राचा साठेबाज. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या खत-शिफारशींत रेड क्लोव्हरच्या बेवडाला अल्फाल्फाच्या, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या, सुमारे ८० टक्के नत्र-श्रेय (पुढच्या पिकाच्या खतातून वजा करायचे नत्र) दिलेले आहे. पण गवत माजलेल्या जुन्या प्लॉटवर मी स्वतः एकरी ६० पाउंडांपेक्षा अधिक गृहीत धरत नाही. हरणांसाठी एकरी १०० बुशेल मका पुष्कळ झाला (मक्याचा बुशेल म्हणजे ५६ पाउंड दाणे), आणि तेवढ्याला साधारण १०० ते १२० पाउंड नत्र लागते. उरलेले नत्र पीक गुडघ्याएवढे झाल्यावर युरियातून द्यावे. १०० पाउंड युरियात ४६ पाउंड नत्र असते. पाऊस तोंडावर असतानाच तो टाकावा, नाहीतर उघड्यावर पडलेल्या युरियातले बरेचसे नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. स्फुरद, पालाश आणि सामू (pH) यांबद्दल अंदाज न बांधता माती तपासून घ्यावी. सामू ६ च्या खाली असेल तर चुना मोडणीच्या आदल्या शरदातच टाकलेला बरा.

मोडायचा कधी, यावर इथे बरेच वाद होतात. शरदात, कडक थंडी पडण्यापूर्वी, पाने हिरवी असताना मारलेले तणनाशक मुळापर्यंत उत्तम पोचते, पण मेलेला क्लोव्हर लवकर कुजतो आणि वाळूच्या जमिनीत त्याचे नत्र मका पेरण्याआधीच पाण्याबरोबर खाली निघून जाते. म्हणून भारी, गाळाच्या जमिनीत शरद आणि हलक्या जमिनीत वसंत, असे माझे मत आहे. नुसत्या ग्लायफोसेट या तणनाशकाला पांढरा क्लोव्हर सहसा दाद देत नाही. जोडीला टू-फोर-डी किंवा डायकॅम्बा लागते, आणि वसंतात फवारल्यास पेरणीपूर्वी लेबलावर सांगितलेले दिवस सोडावेच लागतात.

नांगरावे की नाही, हा प्रश्न आमच्या भागात केवळ आवडीनिवडीचा नाही. हिमयुगात इथे हिमनद्या पोचल्या नाहीत, त्यामुळे डोंगर तीव्र उताराचे राहिले आणि त्यांवरची वाऱ्याने आणलेली मऊ माती पावसाबरोबर सहज वाहते. अमेरिकेतला पहिला पाणलोट मृदसंधारण प्रकल्प १९३३ साली इथल्याच कून व्हॅलीत सुरू झाला, तो उतारांवरच्या घळी पाहूनच. चार वर्षे क्लोव्हरने धरून ठेवलेली माती एका मोसमाच्या मक्यासाठी उघडी करणे मला पटत नाही. उतारावर मेलेल्या क्लोव्हरच्या आच्छादनातच नो-टिल (न नांगरता पेरणाऱ्या) पेरणीयंत्राने दोन इंच खोल पेरावे. सपाटीवर नांगरायचेच असेल तर वाफसा पाहून नांगरावे आणि पेरणीआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, कारण नुकत्याच गाडलेल्या हिरव्या पाल्याच्या वासाने बियाणे पोखरणाऱ्या अळ्यांच्या माशा अंडी घालायला येतात. गवताळ जमिनीतली हुमणी आणि तारेसारखी कडक पिवळी अळी यांचाही त्रास होतो, त्यासाठी प्रक्रिया केलेले बियाणे घ्यावे. जमिनीचे तापमान १० अंश सेल्सिअसला टिकेपर्यंत पेरणीची घाई करू नये.

आता ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या हरणांविषयी. क्लोव्हर पाल्यातून प्रथिने देतो, तेही हरिणी पाडसांना पाजत असते आणि नरांची शिंगे वाढत असतात त्या काळात. मका देतो पिष्ट, आणि तो बर्फाच्या वर उभा राहतो. जानेवारीत बाकी सगळे गाडले गेलेले असताना उभ्या कणसांचे मोल वेगळेच असते. २००२ साली माउंट होरेबजवळच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग सापडल्यानंतर इथल्या अनेक काउंट्यांत मक्याचे ढीग ओतून हरणांना खाऊ घालण्यावर बंदी आली. उभ्या पिकाला ती लागू नाही, आणि मक्याची ओढ वाढण्याचे तेही एक कारण आहे. पण ज्यांचा प्लॉट अर्ध्या एकराचा, म्हणजे वीस गुंठ्यांचा आहे, त्यांना मी स्पष्ट नको म्हणतो. हरणे मक्याचा कोवळा पोंगा खुडतात. पाच-सहा पानांपर्यंत वाढीचा कोंब जमिनीखाली असल्याने ते झाड पुन्हा उठते, पण पुढे दुधात आलेल्या कणसाचे शेंडे केसरासकट कुरतडले जातात, रॅकून हे निशाचर प्राणी ताट आडवे करून साली सोलतात, आणि एवढासा तुकडा हिवाळ्यापर्यंत पोचतच नाही. दोन एकरांहून कमी जागा असेल तर विजेच्या कुंपणाचा खर्च धरूनच विचार करावा, नाहीतर क्लोव्हरच पुन्हा पेरावा.

आणि कायमचा का नाही, तर बेवडाचे नत्र मुख्यतः पहिल्याच वर्षी मिळते. दुसऱ्या वर्षीच्या मक्याला जवळजवळ सगळे खत विकत आणावे लागते, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही हरणांसाठी नव्हे तर खतविक्रेत्यासाठी शेती करत असता. म्हणून परतीची वाट पहिल्याच वर्षी मोकळी ठेवावी. ॲट्राझिन हे मक्यातले स्वस्त आणि परिणामकारक तणनाशक आहे, पण त्याचा अंश जमिनीत राहून पुढच्या वर्षी पेरलेला क्लोव्हर उगवताच मारतो. शिवाय विस्कॉन्सिनच्या काही भागांत भूजलाच्या काळजीपोटी त्याला मनाईच आहे. ते टाळून ग्लायफोसेट सहन करणारे वाण घेतले की काम भागते. हिवाळाभर ताटे उभी ठेवावीत, मार्चमध्ये ती कापून पसरावीत, आणि एप्रिलमध्ये ओट या तृणधान्याच्या सावलीत नवा क्लोव्हर पेरावा. ओट एकरी बुशेल-दीड बुशेलच टाकावा, दाट झाला तर तोच क्लोव्हरला दाबतो.