चार टाक्या, एक बोर्ड: आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. सुरुवातीला आम्ही मोटार स्टार्टरची पॅनेल बांधायचो आणि दुरुस्त करायचो. निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार स्टार्टर घेऊन यायचे आणि जाता जाता विचारायचे, "भाऊ, टाकीत किती पाणी आहे ते घरबसल्या कळेल असं काही बसवा ना." ही मागणी इतक्यांदा कानावर आली की आम्ही ते काम हाती घेतलंच.

फ्लोट स्विच टाकी भरली की रिकामी एवढंच सांगतो, मधलं काही नाही. म्हणून अल्ट्रासोनिक सेन्सर घेतला. तो पाण्याकडे आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंत सिग्नलची वायर हाय, म्हणजे व्होल्टेज चढलेली ठेवतो. या ठोक्याला पल्स म्हणतात. ती किती वेळ हाय राहिली यावरून अंतर निघतं: साधारण ५८ मायक्रोसेकंदांना १ सेंटिमीटर.

एका टाकीला अर्ड्युइनोचं (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) पल्सइन हे पल्स मोजणारं फंक्शन पुरतं. पण द्राक्षबागेत टाकी एकटी नसते. पाण्याची, विद्राव्य खताची, फवारणीची, शिवाय पाइपवर फ्लो मीटर, जो वाहत्या पाण्याचं माप पल्सच्या रूपात देतो. पल्सइन पल्स संपेपर्यंत प्रोसेसरला तिथेच अडकवून ठेवतं. उंदराने एखादी वायर कुरतडली, तर दर फेरीला अख्खा १ सेकंद वाया. तेवढ्यात फ्लो मीटरचे पल्स निघून जातात आणि लिटर कमी दिसतात. खताचं सगळं गणित लिटरवर चालतं, त्यामुळे हे चालवून घेण्यासारखं नव्हतंच.

मग कोणत्याच सेन्सरची वाट पाहायची नाही, असं ठरवून प्रोग्रॅम नव्याने लिहिला. वायर जोडलेली चिपची पिन हाय झाली की वेळ टिपायची, खाली आली की पुन्हा टिपायची, वजाबाकी करायची आणि पुढच्या कामाला लागायचं. अर्ड्युइनोवरच्या एटीमेगा३२८ चिपला बाहेरच्या इंटरप्टच्या (चालू काम थांबवून लक्ष वेधणारी हाक) खास पिना २च, म्हणून आम्ही पिन-चेंज इंटरप्ट वापरला. तो पिनांच्या अख्ख्या गटासाठी एकच हाक देतो. नेमकी कोणती पिन बदलली हे आधीच्या स्थितीशी ताडून शोधावं लागतं. १६ मेगाहर्ट्झवर वेळ ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने मिळते, म्हणजे १ मिलिमीटरहून कमी फरक. टाकीला एवढं भरपूर झालं. एक गोष्ट मात्र आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला आम्ही आवर्जून शिकवतो: ८ बिटची चिप ४ बाइटचा आकडा तुकड्या-तुकड्याने वाचते, म्हणून तो उचलताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवायचे. नाहीतर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो.

खरी परीक्षा निफाडच्या थंडीत झाली. जानेवारीत तिथे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. नेमकं तेव्हाच टाकीतलं पाणी बिनचूक कळायला हवं. आवाजाचा वेग १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ४० अंशांना ३५५. म्हणजे २ मीटरच्या अंतरात १० सेंटिमीटरची तफावत, आणि पाणी तेवढंच. तेव्हापासून प्रत्येक टाकीत तापमानाचा सेन्सर आम्ही देतोच, तो वेगळा विकत नाही.

मोटारीचा कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ओढला की लांब केबलवर खोटे पल्स उमटतात. त्यासाठी जाळीचं आवरण असलेली शील्डेड केबल, बोर्डावर श्मिट ट्रिगर (डळमळता सिग्नल स्वच्छ करणारं सर्किट), आणि १०० मायक्रोसेकंदांहून लहान किंवा २५ मिलिसेकंदांहून मोठा पल्स सरळ बाद. एकाच टाकीत दोन कप्पे असतील तर सेन्सर आळीपाळीने चालवतो, नाहीतर एकाचा प्रतिध्वनी दुसरा ऐकतो.

पुढे आम्ही ३२ बिटची चिप आणली. तिच्या टायमरला चार-चार कॅप्चर चॅनेल असतात. पल्सची कड आली की हार्डवेअरच वेळ नोंदवतं. २०२१च्या टंचाईत या चिपांचे भाव भडकले, तेव्हा जुनाच बोर्ड कामी आला आणि एकाही शेतकऱ्याचं काम अडलं नाही. म्हणून दोन्ही बोर्ड आम्ही आजही चालू ठेवलेत.

प्रत्येक पॅनेल बाहेर पडण्याआधी सिग्नल जनरेटरने सगळ्या चॅनेलवर ठरावीक रुंदीचे पल्स एकाच वेळी सोडतो आणि आलेले आकडे कार्डावर लिहून पॅनेलच्या दारात चिकटवतो. बोर्ड घ्यायला येताना टाकीची उंची आणि टाकीपासून स्टार्टरपर्यंतचं अंतर मोजून आणा. केबल त्याच मापाची कापून देऊ.