मेगर अनंत दाखवतो, तिथून पुढे

जानेवारीतल्या कोरड्या हवेत जळगावची प्लॅस्टिकची चटई झटकली की चटचट आवाज येतो आणि हातावरचे केस उभे राहतात. चटईच्या पॉलिप्रोपिलीनवर बसलेला हा विद्युतभार जातो कुठून आणि किती वेळात, हे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावून कळत नाही. मेगर अनंतावर जाऊन बसतो, कारण त्याची धाव तिथेच संपते.

आधी थोडा हिशेब. १०० मायक्रॉनची एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिन) फिल्म, २० चौरस सेंटिमीटरचा इलेक्ट्रोड, ५०० व्होल्ट. रोधकता (पदार्थाचा प्रवाह अडवण्याचा अंगभूत गुण) १० चा १५वा घात ओहम-मीटर धरली, तर रोध ५० टेराओहम (टेरा म्हणजे लाख कोटी) आणि प्रवाह जेमतेम १० पिकोअँपिअर (पिको म्हणजे लाख कोटीवा भाग). म्हणजे इतका सूक्ष्म प्रवाह मोजणारा इलेक्ट्रोमीटर हवाच. पण हीच फिल्म सुमारे ४०० पिकोफॅरडचा कपॅसिटरही (भार साठवणारा घटक) असते, आणि फसगत नेमकी इथे होते. सप्लाय सेकंदाला एक मिलिव्होल्ट जरी सरकला, तरी ०.४ पिकोअँपिअरचा खोटा प्रवाह दिसतो. स्वस्त स्विचिंग सप्लाय यासाठी बाद.

नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, मग चिमट्यानेच धरायचा. बोटाचा एक ठसा पृष्ठभागावरून वाट काढून देतो. ही पृष्ठभागाची गळती मोजणीत येऊ नये म्हणून मधल्या इलेक्ट्रोडभोवती दीड-दोन मिलिमीटर फट सोडून गार्ड रिंग लावतात. गार्ड आणि मधला इलेक्ट्रोड एकाच व्होल्टेजवर असल्याने कडेचा प्रवाह गार्डमधून परस्पर निघून जातो. फिल्म फुटली तर ५०० व्होल्ट थेट इलेक्ट्रोमीटरवर येतील, म्हणून ओळीत एक मेगओहमचा रोध टाकावा; ५० टेराओहमपुढे त्याने आकड्याला काही फरक पडत नाही. सप्लायला करंट लिमिट (प्रवाहाची मर्यादा) लावावी, आणि तो बंद केल्याशिवाय मोजणीच्या डब्याचं झाकण उघडून हात घालू नये.

बाहेरची विद्युत गडबड आत येऊ नये म्हणून सगळं धातूच्या बंद डब्यात. पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, नीट घासून, झाकण घट्ट बसवून अर्थ केला, की काम भागतं. केबल मात्र लो-नॉइजच हवी आणि ती टेपने टेबलाला चिकटवून टाकावी. साधी केबल नुसती हलली तरी आतल्या घर्षणाने भार तयार होतो आणि आकडे नाचू लागतात.

आता मूळ मुद्दा. व्होल्टेज दिल्यावर प्रवाह स्थिर राहत नाही, तासन्‌तास घसरत जातो. बऱ्याच पॉलिमरमध्ये (प्लॅस्टिकसारख्या पदार्थांत) तो ढोबळमानाने वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. प्रचलित पद्धतीत ६० सेकंदांनी आकडा टिपतात. दोन लॉटचा माल एकमेकांशी ताडायला तो ठीक, पण त्याला पदार्थाची रोधकता म्हणू नये. त्यात ध्रुवीकरणाचा प्रवाह, म्हणजे आतले भार जागच्या जागी सरकल्याने वाहणारा प्रवाह, मिसळलेला असतो. समजा पहिल्या मिनिटाला हा भाग ४० पिकोअँपिअर आहे. ६,००० सेकंदांनी, म्हणजे एक तास चाळीस मिनिटांनी, तो ०.४ वर येईल आणि खरा वहनप्रवाह, म्हणजे फिल्ममधून आरपार जाणारा प्रवाह, तेव्हा कुठे जवळपास निखळ दिसेल.

नुसत्या थांबण्यावर विसंबायचं नसेल तर दुसरी बाजूही मोजावी. नमुना रात्रभर शॉर्ट करून (दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना जोडून) ठेवायचा, सकाळी दोन तास व्होल्टेज द्यायचं, मग पुन्हा शॉर्ट करून उलट दिशेने वाहणारा प्रवाह नोंदवायचा. सारख्याच वेळेला टिपलेल्या दोन आकड्यांची, चिन्ह सोडून, वजाबाकी केली की वहनप्रवाह उरतो. ही वजाबाकी सपाट येत नसेल, तर आत भार अडकून बसला आहे असं धरावं. पॉलिमरमध्ये इलेक्ट्रॉन एका सापळ्यातून, म्हणजे त्याला अडकवून ठेवणाऱ्या जागेतून, दुसऱ्या सापळ्यात उड्या मारत जातो. सापळा खोल असेल तर तिथेच मुक्काम पडतो, आणि आधीच्या चाचणीतला भार पुढच्या चाचणीत येतो. एकाच तुकड्यावर घाईघाईने लागोपाठ चाचण्या घेऊ नयेत, ते यासाठीच.

खान्देशात तापमान सोडून चालत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी (अशा उडीला लागणारी ऊर्जा) एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यावर वहन साधारण साडेअकरा पट होतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये घेतलेला आकडा आणि डिसेंबरातला आकडा शेजारी ठेवून 'दाणा (प्लॅस्टिकचा कच्चा माल) बदलला' असा निष्कर्ष काढण्याआधी थर्मामीटर पाहावा. आर्द्रतेचं गणित वेगळं. दाण्यात मिसळलेलं अँटिस्टॅटिक (भार साचू न देणारं रसायन) पृष्ठभागावर येऊन हवेतला ओलावा धरतं, म्हणून ऑगस्टमध्ये चाचणीत पास झालेला माल कोरड्या दिवसांत चटचटतो. चाचणीच्या नोंदीत तापमान आणि आर्द्रता नसेल, तर तो कागद रद्दीतच जमा. ड्रिपच्या नळीत अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची पूड) असतो. तिचे आकडे शुद्ध पॉलिथिनशी लावू नयेत.

इलेक्ट्रोड न टेकवताही मोजता येतं. कोरोना सुईखाली (उच्च व्होल्टेजने हवेत भार सोडणारी सुई) जाळी ठेवून फिल्मवर ५००-१,००० व्होल्ट येतील इतका भार बसवायचा आणि वरून, स्पर्श न करता, नॉन-कॉन्टॅक्ट व्होल्टमीटरने पृष्ठविभव (पृष्ठभागाचं व्होल्टेज) पाहत राहायचं. रोधकता खरोखर स्थिर असती तर १० चा १५वा घात ओहम-मीटरच्या पॉलिथिनचा विभव सुमारे साडेपाच तासांत ३७ टक्क्यांवर यायला हवा. प्रत्यक्षात आलेख असा सरळ वागत नाही. जास्त विभवाने सुरू झालेली फिल्म इतक्या वेगाने उतरू शकते, की तिची रेषा कमी विभवाच्या रेषेला छेदून खाली जाते. पॉलिथिनमधला हा छेद जपानच्या इएदा आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडला. त्यामुळे एकाच विभवावर मोजून थांबू नये. ५०० आणि १,००० व्होल्टचे दोन वेगळे, कोरे तुकडे एकाच दिवशी, एकाच डब्यात घ्यावेत.